काळी पाचची जान्हवी

सकाळचे सव्वासहा झाले होते आणि सिंगापूरच्या क्लेमेंटीवर अजून मध्यरात्रीसारखा अंधार होता. पश्चिमेकडून, सुमात्राच्या बाजूनं, वारा उठला. एप्रिलच्या तोंडावर हा वारा आठवड्यातून एकदा-दोनदा असा न सांगता येतो, तासभर धुडगूस घालतो आणि आठ वाजता काही झालंच नाही अशा थाटात ऊन पडतं. अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूंवर घातलेले कपडे फडाफडा वाजायला लागले, तसा जान्हवीनं तव्याखालचा गॅस बंद केला आणि कठड्यावर पोट टेकवून एकेक बांबू आत ओढायला घेतला. पहिल्यावर नवऱ्याचे शर्ट, दुसऱ्यावर अवनीचा शाळेचा युनिफॉर्म, तिसऱ्यावर सुबोधचं बारकं-सारकं. तिसरा आत येईस्तोवर पाऊस आडवा झाला आणि तिचा गाऊन कमरेपर्यंत भिजला.

या सगळ्या वेळात तिच्या उजव्या कानात गाणं चालू होतं. डावा कान मोकळा. गेल्या पाच वर्षांचा हा तिचा नेम. उजवा कान गाण्याला, डावा पोरांना. सुबोध आतल्या खोलीत कुशीवर वळला तरी डाव्या कानाला कळतं, आणि उजव्या कानात मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातला वीस वर्षांपूर्वीचा भीमजयंतीचा कार्यक्रम चाललेला असतो. कॅसेटवरून मोबाइलवर उतरवून घेतलेला. बँजो थोडा बेसूर, ढोलक मात्र तडाखेबंद. कुठंतरी कुत्रं भुंकतं. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी तिचे बाबा खोकतात. मागून कोणीतरी ओरडतं, "वन्स मोअर, भाऊसाहेब!" आणि मग एका तेरा वर्षांच्या पोरीचा आवाज येतो. सरळ, उघडा, नुकत्याच धुतलेल्या पितळी गडव्यासारखा लखलखीत. तो आवाज जान्हवीचा.

तो सूर आला तेव्हा तिच्या हातात ओला बांबू होता. ती तशीच उभी राहिली. गाऊनचं पाणी पायावर टपकत होतं. त्या पोरीनं वरचा सूर लावला, लावून धरला, लोक शिट्ट्या मारायला लागले, आणि डाव्या कानात अवनी ओरडली, "मम्मी! सुबोध पूप्ड!"

जान्हवीनं बांबू भिंतीला उभा केला.

भाऊसाहेब वानखडे मूर्तिजापूरला नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते. कोणत्या गल्लीचा नळ किती वाजता सोडायचा हे त्यांच्या हातात, त्यामुळं गावात वट होती. पण खरी ओळख पार्टीची. 'भाऊसाहेब वानखडे आणि पार्टी.' पेटी, ढोलक, बँजो, मागं झील धरायला चौघं. एप्रिल आला की महिनाभर माणूस घरी नसायचा. आज या खेड्यात, उद्या त्या वस्तीत. गाणी स्वतःच बांधायचे, व्हॉल्व्ह फिरवता फिरवता. चाल डोक्यात, शब्द वहीत, वही खिशात. जान्हवी नऊ वर्षांची झाली तसे तिलाही न्यायला लागले. चार लेकरांत तीच एक गळ्याची निघाली.

पेटीवर गाणाऱ्याचा 'सा' ज्या पट्टीवर धरायचा ती त्याची पट्टी. चांगल्या चांगल्या बाया काळी तीन, फार तर काळी चारला गातात. जान्हवी काळी पाचला गायची आणि तिथूनही वर जाऊन यायची. "माईक कायले पाहिजे इले," बँजोवाला गवई म्हणायचा, "नदीपल्याड उभी करा, अलीकडं आयकू येते." गावात तिला काळी पाचची जान्हवीच म्हणत.

पुढं डी.फार्म. झालं, अकोल्याच्या एका दवाखान्यात औषधाच्या काउंटरवर चार वर्षं उभी राहिली, लग्न झालं. धम्मदीप तायडे बॅटरीत वापरायच्या मातीवर संशोधन करतो, निदान ती आईला तसं सांगते. त्याला इथल्या विद्यापीठात जागा मिळाली आणि जान्हवी नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर आली, पोटात अवनी घेऊन. भाड्याचा फ्लॅट विद्यापीठाच्या जवळ. खालच्या मजल्यावर एक चिनी अंकल, रात्रपाळीला टॅक्सी चालवणारे. अवनी चार महिन्यांची असताना ते एकदा वर आले होते. दारात चप्पल काढून उभे. "डे टाइम आय स्लीप," ते ओशाळून म्हणाले, "बेबी क्राय नेव्हर माइंड. बट सिंगिंग, कॅन सॉफ्टली?" नववर्षाला संत्र्यांची पिशवी देणारा माणूस. त्याच्याशी भांडणार कसं? दिवसा अंकल झोपलेले, रात्री पोरं झोपलेली. जान्हवीनं आवाज खाली घेतला. मग तो खालीच राहिला.

मार्चच्या सुरुवातीला संजीवनीताईंचा फोन आला होता. संजीवनीताई पुण्याच्या, एका बँकेच्या आयटीत मॅनेजर, आणि इथल्या आपल्या लोकांची जयंती दरवर्षी त्याच घडवून आणतात. चौदा एप्रिलला इथं सुट्टी नसते, म्हणून जवळचा रविवार धरतात आणि सेरंगूनला एक हॉल घेतात. "जान्हवी, तू यंदा गायचंच," त्या म्हणाल्या. "दर वर्षी तू मागं उभी राहून पोराला बिस्किटं चारतेस. धम्मदीप सांगत होता, तू पार्टीत गायचीस म्हणून. लपवून ठेवतेस होय गं?"

जान्हवीनं हो म्हटलं. म्हणून बसली, आणि आईला सांगून बसली. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन.

"काय वं, सिंगापुरात गाऊन रायली म्हणते तू?"

"हाव बाबा. एकच गाणं हाय."

"मंग 'उठ गड्या' म्हणजो. आन् काळी पाचातच म्हणजो. खाली उतरवलं का त्या गाण्यातला जीव जाते. निजलेल्या माणसाले हाक माराची हाय, कानात कुजबुज नाही कराची."

"लय वर्षं झाले बाबा. म्या तोंड उघडलं नाही."

"तोंड तं तुह्यं जन्मापासून उघडंच हाय."

मागून आई हसली. तिचं नाव बेबी. पासष्टीची झाली तरी बेबीच.

"आयक," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मी गवईले बोलावतो, शिरसाट मास्तरले बोलावतो. पार्टीतले जे जितके उरले ते सारे. फोन टीव्हीले जोडून देते म्हणते पोट्टे. सारे बसून पायतीन." मग ते थांबले. दमा होता. श्वास घ्यायला मध्येच थांबावं लागायचं. "माह्याच्यानं आता दोन ओळी होत नाहीत, जान्हवी. चाल कुठी लिहून हाय? तुह्या गळ्यातच हाय ते."

ते खरंच होतं. पार्टी मोडून आठ वर्षं झाली होती. वहीत शब्द होते, चाल कुठंच नव्हती. एक ती कॅसेट, आणि एक जान्हवी.

*

आधी तिनं बाथरूममध्ये शॉवर सोडून पाहिलं. अंकलच्या झोपेचा विचार आला आणि पहिल्याच ओळीला तोंडावर हात गेला. मग जागा शोधणं आलं. पार्कात माणसं, जिन्यात घुमतं, खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत म्हाताऱ्या बाया पत्ते खेळत बसलेल्या. शेवटी तिला एमआरटीचा, म्हणजे इथल्या मेट्रोचा, पूल सापडला. क्लेमेंटीला गाडी वरून, खांबांवरून जाते. खाली बाजूनं फुटपाथ आहे. दर तीन-चार मिनिटांनी वरून गाडी गेली की बाजूचं माणूस काय बोलतंय ते ऐकू येत नाही.

नऊला अवनीला शाळेत सोडायचं आणि सुबोधला स्ट्रोलरमध्ये घालून तिथं जाऊन उभं राहायचं. गाडी यायच्या आत छाती भरून घ्यायची. धडधड सुरू झाली की,

*उठ गड्या, उठ बाई, रात सरली रं,*
*पाटीवरच्या अक्षरानं वाट उजळली रं!*

एका गाडीत एवढाच मुखडा बसायचा. मग पुढच्या गाडीपर्यंत सुबोधला केळं.

आवाज निघत नव्हता. घसा फाटत होता अशातला भाग नाही. फाटला असता तरी परवडलं असतं. आवाज छातीतून निघायचा, गळ्यापर्यंत यायचा, आणि बाहेर कोणी निजलंय का ते बघावं तसा थबकायचा. 'उजळली'वरचा वरचा सूर तर लागायचाच नाही. त्याच्या एक हात खाली काहीतरी खरखरायचं. ती घरी येऊन कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायची, ज्येष्ठमध चघळायची. रात्री धम्मदीप म्हणाला, "तुझा घसा बसलाय. दे ना सोडून, दुसरं कोणीतरी गाईल."

"दुसरं कोण गाईल? तू?"

"मी गायलो तर हॉल रिकामा होईल."

"मंग गप झोप."

दुसऱ्या आठवड्यात पुलाखाली एक म्हातारा आला. पुठ्ठे गोळा करून गाड्यावर रचत होता. पुलावरून तीन गाड्या जाईपर्यंत तो तिला बघत राहिला. मग जवळ येऊन काळजीनं विचारलं, "मिस, यू अँग्री विथ द ट्रेन आह?"

"नो अंकल. प्रॅक्टिस. साँग."

त्यानं वर पुलाकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "ट्रेन लाउडर ला," इथल्या ढंगानं म्हणाला आणि गाडा ढकलत निघून गेला.

ती हसली. हसता हसता तिथंच फुटपाथच्या कडेला बसली. मांड्यांत गोळे आले होते. रात्री सुबोध दोनदा उठला होता, पहाटे पाचपासून ती पायावर होती, आणि पुढं अजून भाजी घ्यायची होती. सुबोधनं केळ्याची साल तिच्या मांडीवर ठेवली.

*

रिहर्सल बिशानला, संजीवनीताईंच्या कॉन्डोतल्या खालच्या हॉलमध्ये होती. रविवारी दुपारी. धम्मदीपच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत काहीतरी तापत ठेवलेलं होतं, ते सोडून येता येत नव्हतं. म्हणून जान्हवी एकटीच दोन्ही पोरांना घेऊन निघाली. गाडी बदलताना अवनीनं एक सँडल हरवली, मग ती मिळाली. बिशानला उतरल्यावर पाऊस. पोचली तेव्हा स्ट्रोलरच्या चाकांनी हॉलच्या गुळगुळीत फरशीवर दोन काळ्या रेघा ओढल्या.

"राहू दे गं, पुसतील," संजीवनीताई म्हणाल्या. "आधी चहा घे. चेहरा बघ केवढासा झालाय."

पेटीवर अंकुर बसला होता, मुंबईचा, लग्न न झालेला, बोटं चांगली. ढोलकीवर प्रबोध, तो पुण्याचाच, इंजिनिअर, संजीवनीताईंचा धाकटा भाऊ. सात-आठ बायका कोरसला.

"ताई, पट्टी?" अंकुरनं विचारलं.

"काळी पाच."

अंकुरनं भुवया वर केल्या, पण काही न बोलता सूर धरला. प्रबोधनं ढोलकीवर थाप दिली. जान्हवीनं सुबोधच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, उभी राहिली, डोळे मिटले आणि मुखडा उचलला. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला वर जाताना आवाज फाटला. असा फाटला की कोरसमधल्या एकीनं चटकन खाली बघितलं.

"काळी तीनला घेऊ का?" अंकुर हळूच म्हणाला. "काळी पाच अवघडच आहे."

"मी तेराव्या वर्षी गायचे काळी पाचला."

"तेव्हा तेरावं वर्ष होतं ना, वहिनी," प्रबोध म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

"परत," ती म्हणाली.

परत. या वेळी तिनं जोर लावला. पुलाखाली लावायची तसा, पण वर गाडी नव्हती. हॉलच्या चारी भिंतींवर आपटून तो आवाज तिच्याच अंगावर आला. सुबोध दचकला आणि भोकाड पसरलं. आणि अवनी, ती खुर्च्यांवरून उड्या मारत होती, दोन्ही कानांवर हात ठेवून पुढं आली.

"मम्मी, स्टॉप! व्हाय यू स्क्रीम? नॉट लाइक दॅट ला!"

"अवनी, गप बस."

"बट इट्स राँग! दॅट वन स्लीपिंग साँग!"

"काय म्हणते ती?" संजीवनीताईंनी विचारलं.

"काही नाही, ताई."

पण अवनीला कोणी विचारलं की ती सविस्तर सांगते. "आम्ही झोपतो ना, तेव्हा मम्मी हे म्हणते. एव्हरी डे. स्लो-स्लो. मग सुबोध झोपतो, मग मी झोपते."

प्रबोधचे हात ढोलकीवर थांबले. "थांबा थांबा. 'उठ गड्या' म्हणत पोरं निजवता तुम्ही?"

हशा झाला. जान्हवी काय सांगणार? तिला पूर्ण येणारी गाणी म्हणजे बाबांचीच. अंगाई एकही येत नव्हती. अंकल येऊन गेले त्या दुपारी अवनी कोणत्याच उपायानं निजेना तेव्हा तोंडात जे आलं ते म्हटलं, ते उठतील म्हणून बारीक आवाजात, आणि पोरगी निजली. मग रोज तेच. पाच वर्षांत तिच्या लक्षातही आलं नव्हतं की आपण उठ उठ म्हणतोय आणि पोरं झोपतायत.

सुबोध थांबेना. तिनं त्याला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं, फेऱ्या मारायला लागली. आणि सवयीनं, दुसरं काही सुचत नाही म्हणून, रोजच्यासारखंच सुरू केलं. *उठ गड्या, उठ बाई...* छातीतून निघालेला आवाज गळ्याशी थबकला नाही. तो तिथं थबकण्याइतका वर जातच नव्हता. अंकुरनं पेटीवर दोन-तीन पट्ट्या चाचपल्या, मग काळी तीनच्याही खाली, पांढरी तीनवर येऊन थांबला आणि भाता अगदी बारीक केला. प्रबोधनं ढोलकी मांडीवरून खाली ठेवली आणि नुसत्या बोटांनी मांडीवर ठेका धरला. जान्हवी फेऱ्या मारत राहिली. पहिला अंतरा, दुसरा. *निजलेल्या वस्तीला या हाक मार तू...* सुबोधचं डोकं जड झालं. तिसऱ्या अंतऱ्याला त्याच्या तोंडातून बिस्किटाची लाळ तिच्या कुर्त्यावर उतरली.

ती थांबली तेव्हा हॉलमध्ये फक्त एसीचा आवाज होता. तिला एकदम ध्यानात आलं, ती चार-पाच मिनिटं दोन्ही कानांनी गाणं ऐकत होती.

"हेच," संजीवनीताई म्हणाल्या, त्याही कुजबुजत, सुबोध उठेल म्हणून. "हे असंच म्हण."

"नाही ताई. हे बाबांनी उठवायला लिहिलंय. असं म्हटलं तर हॉल घोरायला लागेल."

"मला तर नाही झोप आली," अंकुर म्हणाला.

"तू तरणा आहेस."

"बुधवारपर्यंत सांग," संजीवनीताई म्हणाल्या. "अंकुरला पट्टी पक्की हवी. नाहीतर कोरसला राहा, सोलो दुसरं कोणी करेल. पण हे गाणं दुसऱ्या कोणाला येतंय?"

कोणालाच येत नव्हतं. परतीच्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली, बसायला नाही. स्ट्रोलरला पाय लावून, एका हातात अवनीचा हात, दुसऱ्यात वरची कडी धरून ती क्लेमेंटीपर्यंत आली. कानात काही घातलं नाही. बाबांना कसं सांगायचं तेच डोक्यात.

*

बुधवारी दुपारी चारला तिनं फोन लावला. तिकडं दीड वाजलेला. बाबांचं जेवण झालेलं असतं. सुबोध आत निजला होता. तिनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"जयभीम बाबा."

"जयभीम. कसा काय चालला रियाज?"

"बाबा, काळी पाचात नाही होऊन रायलं."

"मंग काळी चारात म्हण. काय हरकत नाही. वय झालं."

"पांढरी तीन."

"काय म्हणतलं?"

"पांढरी तीन, बाबा. तेवढाच आवाज हाय आता."

"पांढरी तीन!" बाबांना खोकला आला. "मायबाई, भजन हाय का ते? पांढरी तीनात कोणी उठते का? निजलेला माणूस आणखी पांघरूण ओढून घेईन!"

"घरात लहान लेकरं हायत. खाली माणूस झोपलेला रायते. पाच वर्षं झाले हळूच बोलून रायलो आम्ही. आवाज तठीच बसला."

"रियाज कर."

"केला ना. रोज गाडीखाली उभी राहून केला."

"कोण्या गाडीखाली?"

"रेल्वेच्या."

"माय वं!" मागून आई किंचाळली.

"पुलावरून जाते वं आई, पुलावरून. मी खाली उभी रायतो."

"बरं बरं," बाबा म्हणाले, पण त्यांचं लक्ष तिकडं नव्हतं. "मी मास्तरले सांगून बसलो. गवई तं शेगावहून येऊन रायला. काय सांगू त्याइले? भाऊसाहेबाची पोरगी, काळी पाचची जान्हवी, आन् अंगाई म्हणून रायली?"

जान्हवीनं डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत काही नव्हतं. नुसता थकवा आला होता, खांद्यापासून खाली. नाही म्हणते, असं सांगून टाकावं. कोरसला उभी राहीन. किंवा बिस्किटं चारत मागंच बसेन.

"द्या इकडं तो फोन," आईचा आवाज आला. खडखड झाली.

"बेबे, तू मधात नको—"

"काहून नको? जन्मभर मधात नव्हती, आता येतो." मग मोठ्यानं, नवऱ्याला, पण फोन तोंडाशी धरून, म्हणजे लेकीलाही ऐकू जाईल असं, "तुमी गावोगाव वस्त्या उठवत फिरत होते, तवा घरी चार लेकरं कोणं निजवले?"

"त्याचं काय इथं—"

"याच गाण्यावर निजवले म्या. दुसरं येत कोणतं होतं मले? तुमच्या वहीतलंच म्हणो. हळूच. बाजूच्या खोलीत तुमचे बाबा खोकलत पडलेले रायत, मोठ्यानं म्हणू कसं? ही जान्हवी तं याच्याबिगर डोळा मिटत नव्हती."

जान्हवी ओट्याला टेकली. तिला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं हे गाणं तिनं पहिल्यांदा मंडपात ऐकलं.

"तू म्हणत होती?" बाबांनी विचारलं. आवाज लांबून येत होता, फोन अजून आईजवळच. "कवा?"

"तुमी घरी असान तवा आयकसान ना."

तिकडं पंखा किरकिरत होता. मग बाबांनी, गाणाऱ्या माणसाला जे विचारावंसं वाटेल तेच विचारलं, "कोणत्या पट्टीत म्हणे तू?"

"मले काय मालूम पट्टी-फिट्टी. लेकरू उठणार नाही अन् मले आयकू येईन, तेवढ्यात."

परत खडखड. फोन बाबांकडं आला. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"जान्हवी."

"हाव."

"म्हणून दाखव."

"आता? सुबोध निजला हाय."

"तसंच म्हण. जसं तठी म्हणणार हाय तसं."

तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि ओट्याकडं तोंड करून म्हणायला लागली. कुकरच्या झाकणावर स्वतःचा श्वास दिसत होता. मुखडा झाला. पहिला अंतरा झाला. दुसऱ्याला तिला मध्येच दम लागला, तिनं तिथं श्वास घेतला आणि पुढं गेली. पलीकडं एकदाही खोकला आला नाही. तिसरा अंतरा संपला तेव्हा आईचं नाक ओढल्याचा आवाज आला, किंवा सर्दी असेल.

बाबांनी आधी चूक काढली.

"दुसऱ्या अंतऱ्याले घाई करून रायली," म्हणाले. "हाक मार तू, तठी थांबजो. ढोलक गप ठेवाले सांगजो. हळू गाण्यात ढोलक लय मधात येते."

"हाव बाबा."

"आन् मी मास्तरले सांगतो. खुर्च्या टीव्हीजवळ घ्या लागतीन. कान गेले त्या बुढ्यांचे."

फोन ठेवला त्यांनी. निरोप घेत बसायची त्यांना सवय नाही. जान्हवीनं अंकुरला मेसेज केला, 'पांढरी तीन. प्रबोधला सांग, ढोलकी नको.' पाठोपाठ अंगठा आला. तिला झोप येत होती. उभ्या उभ्या झोपता आलं असतं तर झोपली असती.

अवनीला आणायला अजून पाऊण तास होता. मार्केटातून आणलेल्या मेथीच्या दोन जुड्या पिशवीतच पडून होत्या, एकीची पानं कडेनं पिवळी पडायला लागली होती. तिनं जमिनीवर पेपर पसरला, भिंतीला पाठ लावून बसली, जुडीचा रबर काढला आणि पानं खुडायला लागली.